‘सतत’ म्हणजे नक्की किती वेळा?

बी.ए. झाल्यावर कंटेंट रायटिंगचं काम मिळेपर्यंत मी सहा महिने एका शाळेत तिसरीच्या वर्गावर मदतनीस शिक्षिका होते. वर्गात एक मुलगा होता. “तो सतत जागेवरून उठतो,” असं मी सगळ्यांना सांगायचे. त्याच्या आईला बोलावून घ्यायचं, हेही ठरवलं होतं.

शाळेतल्या विशेष शिक्षिकेला आम्ही ताई म्हणायचो. त्यांनी शांतपणे विचारलं, “सतत म्हणजे किती वेळा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका गणित शिकवत असताना आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो. तो उठला की कागदावर एक रेघ. पंधरा मिनिटांनी माझ्या १४ रेघा झाल्या, ताईंच्या ९! मुलगा तोच, वेळ तीच. पण पडलेली पेन्सिल उचलायला तो वाकला, तरी मी रेघ मारत होते.

ताई म्हणाल्या, “आधी व्याख्या ठरवू. पूर्ण उभा राहिला तरच ‘उठला’. आणि लहान आकड्याला मोठ्या आकड्याने भागून शंभरने गुण. दोघींचं साधारण ८० टक्के तरी जुळायला हवं.” आमचं जुळलं होतं ६४ टक्के. व्याख्या ठरल्यावर पुढच्या दिवशी माझ्या ९ रेघा आल्या, ताईंच्या ८. शेजारच्या ‘शांत’ मुलीचंही मोजलं. ती ५ वेळा उठली होती. ते मला कधी दिसलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी शिकवत होते आणि ताई एकट्या लिहीत होत्या. कागदावर तीन रकाने: उठण्याआधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. तास संपल्यावर तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच गोष्ट होती. बाईंनी नाव घेतलं. तो बसून गणितं सोडवत होता, तेव्हा मात्र मी एकदाही त्याच्याकडे वळले नव्हते.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. उठलं की बाई बोलतात, हे त्याला मीच शिकवलं होतं.

मग मी तो बसलेला असताना त्याच्या बाकाशी जाऊ लागले. “दाखव बरं, कुठवर आलं?” एवढंच विचारायचे. दोन आठवड्यांनी रेघा ३-४ वर आल्या. शून्य झाल्या नाहीत, आणि व्हायला नकोच होत्या. तिसरीतलं मूल आहे, थोडं उठणारच! त्याच्या आईला मी भेटले, पण तक्रार करायला नाही.

तुमच्या घरातही कुणी ‘सतत’ रडत असेल, ‘कधीच’ ऐकत नसेल, तर शिक्का मारण्याआधी चार दिवस रेघा मारून बघा. आणि तिसरा रकाना विसरू नका. तिथे बहुतेक आपणच सापडतो.