दडकर मैदानावरचे रविवार

भर पावसाळ्यात क्रिकेट खेळण्याचा हट्ट मुंबईने धरला आणि निभावला. १९४८ साली डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ ऐन जुलैत कांगा लीग सुरू झाली. खेळपट्टीवर आच्छादन नाही, आउटफिल्डला घोट्यापर्यंत गवत. जमिनीलगतचा सुरेख ड्राइव्ह दहा पावलांवर रुतून बसायचा. तेव्हा एक तर उचलून मारायचं, नाहीतर एकेक धाव वेचत राहायचं. टप्पा पडल्यावर चेंडू गुडघ्याशी येईल की कानाशी, ते बोलरलाही ठाऊक नसे. या चिखलात जो उभा राहिला तो कुठेही उभा राहील, असं दादर-माटुंग्यात मानत. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईबाहेर गेला नाही, तेव्हा ते मानणं पोकळ नव्हतं.

माझ्यासाठी त्या सगळ्याचं नाव दादर युनियन. माटुंग्याचं दडकर मैदान हे या क्लबाचं घर. धाकटा काका मला तिथे न्यायचा. तो बँकेत कारकून होता आणि कांगाच्या खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबाकडून खेळायचा. स्वतःची मॅच पावसाने धुतली गेली, की घरी न परतता तो मला घेऊन दडकरला यायचा. छत्री मिटून दोरीपलीकडे उभं राहायचं आणि बोलायचं नाही, हा त्याचा नियम.

तिथे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून उतरणारी माणसं कोण होती, हे मला उशिरा कळलं. माधव मंत्री आणि नरेन ताम्हाणे, दोघेही कसोटी यष्टिरक्षक, एकाच क्लबाचे. रामनाथ केणी इथलेच. पुढे दिलीप वेंगसरकर इथलेच. मंत्रींचा भाचा सुनील गावसकर ताडदेवच्या चिखलवाडीतून इथे खेळायला यायचा. लहानपणी या भाच्याने मामाच्या कपाटातला भारताचा स्वेटर मागितला, तेव्हा मंत्रींनी दिला नाही. तो घाम गाळून मिळवावा लागतो, एवढंच सांगितलं. मला यात दादर युनियनची सगळी रीत दिसते. पुढे त्या भाच्याने १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात चार कसोटींत ७७४ धावा केल्या. त्या दौऱ्याचे कर्णधार अजित वाडेकर होते शिवाजी पार्क जिमखान्याचे, म्हणजे दादर युनियनच्या हाडवैऱ्यांचे! त्या मालिकेतल्या विजयात दादर-माटुंग्याच्या दोन्ही मैदानांचा वाटा होता, आणि आमच्या आळीत त्याचा अभिमान पुष्कळ दिवस पुरला.

पण काका मला गावसकर दाखवायला नेत नसे. ‘‘सुनीलला बघायला सगळेच येतात. तू थर्ड मॅनवाल्याकडे बघ,’’ म्हणायचा. थर्ड मॅनला एखादा विमा कंपनीतला किंवा गोदीतला नोकरदार असायचा. चेंडू त्याच्याकडे तासातून दोनदा येई. पण प्रत्येक चेंडूला तो दोन पावलं पुढे यायचा. थ्रो बरोबर स्टंपवर. कसोटीपटू स्लिपमध्ये उभा असे, पण म्हणून थर्ड मॅनने सैल पडायचं, असं तिथे चालत नव्हतं. आणि कसोटीपटूलाही क्लबाच्या कर्णधारापुढे निमूट राहावं लागे.

तो कर्णधार म्हणजे वासू परांजपे. मुंबई आणि बडोद्याकडून ते प्रथम श्रेणीचे सामने खेळले, कसोटी कधीच नाही. गावसकरला ‘सनी’ म्हणायला सुरुवात केली ती त्यांनीच. माणसात काय आहे हे त्यांना त्या माणसाच्या आधी दिसायचं. मंत्री २०१४ मध्ये गेले, वासू २०२१ च्या ऑगस्टमध्ये. वासूंची बातमी आली त्या संध्याकाळी काका बराच वेळ गॅलरीत उभा होता. आज काकाही नाही.

हे सगळं कसं विरत गेलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आंतरराष्ट्रीय सामने एवढे वाढले, की मोठ्या खेळाडूंकडे क्लबासाठी रविवार उरला नाही. अकादम्या आल्या, तिथे फी भरून नेट मिळतं, कर्णधार मिळत नाही. दादरच्या चाळी रिकाम्या झाल्या, कुटुंबं डोंबिवली, ठाणे, बोरिवलीला गेली. यातलं काही चांगलंच झालं, हे मला मान्य आहे. आमचं ते जग अरुंद होतं, दोन-तीन स्टेशनांत संपणारं. पालघरहून किटबॅग घेऊन लोकलने येणाऱ्या शार्दूल ठाकूरसारख्या मुलाला मुंबईच्या संघात जागा मिळते, ही वाढ आहे. तरीही, कसोटीपटू आणि कारकून एकाच ओल्या गवतात, एकाच शिस्तीखाली दिवसभर उभे असत, ते गेलं. आजच्या कसोटीपटूच्या शेजारी थर्ड मॅनला कारकून नसतो. त्या कारकुनाला आपण कुठल्या उंचीचा खेळ खेळतो आहोत, हे मग कळायचं कसं?

पूर्वी सोमवारच्या पेपरात कांगाचे स्कोअर बारीक टायपात छापून यायचे, खालच्या डिव्हिजनचेसुद्धा. काका चहा बाजूला ठेवून आधी ते वाचायचा. गावसकर, वेंगसरकर यांची नावं ग्रंथांत कायमची आहेत. त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या माणसांची नावं त्या बारीक टायपातच राहिली. क्लबांचे इतिहास कुणी लिहायला घेणार असेल, तर त्याने आधी ग्रंथालयात जाऊन जुलै ते सप्टेंबरमधले ते जुने सोमवारचे अंक काढावेत. थर्ड मॅनवाले तिथे सापडतील.