निवेदनातली एक ओळ

मार्च महिना लागला की आमच्या घरी भाऊजींच्या निवेदनाची गडबड सुरू होते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बऱ्हाणपुरात जमीन-मकानाचे सौदे करून देतात. सासरे होते तोवर सगळे त्यांना सरळ 'दलाल' म्हणत, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आता त्यांच्या कार्डावर 'प्रॉपर्टी सल्लागार' असं छापलेलं असतं. 2016 सालच्या रेरा कायद्यानं दलालालाही नोंदणी सक्तीची केली, तेव्हापासून नोंदणीचा नंबरही असतो.

निवेदन असतं कलेक्टर गाइडलाइनचं. महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात, तेच हे. कुठल्या वॉर्डात, कुठल्या गावात जमिनीचा सरकारी दर काय, ते त्यात ठरतं आणि त्या दरावर स्टॅम्प ड्यूटी लागते. जिल्ह्याची समिती दर सुचवते, लोकांच्या हरकती मागवते, आणि मग यादी भोपाळला जाते. नवे दर साधारण 1 एप्रिलपासून लागू होतात. हरकतींचे हे थोडे दिवस म्हणजे भाऊजींच्या संघटनेचा हंगाम. आमदारांना भेटा, कलेक्टरना भेटा, पेपरात फोटो द्या.

तीन वर्षांपूर्वी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही बी.ए. झालेल्या. जरा हिंदी नीट करून द्या."

मी चष्मा लावून बसले. मजकूर रुक्ष होता. दर वाढवू नका, धंदा मंदा आहे, वगैरे. मला वाटलं, असं लिहिलं तर साहेब वाचणार नाहीत. मी त्यात एक ओळ घातली : दर वाढले तर गरीब माणसाचं स्वतःच्या घराचं स्वप्न स्वप्नच राहील. भाऊजी खूश झाले. निवेदन वाचून दाखवताना त्या ओळीला टाळ्या पडल्या म्हणे. मलाही बरं वाटलं. चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालं होतं, तसं.

ती ओळ खोटी नव्हती. दर वाढला की पॉवरलूमवर काम करणाऱ्या माणसाला छोट्या प्लॉटच्या रजिस्ट्रीचे पैसेसुद्धा जड जातात. भाऊजींनी असे सौदे मोडताना पाहिले आहेत. आणि सरकार ऐकतं, हेही खरं. 2019 साली आपल्या मध्य प्रदेशात गाइडलाइनचे दर एकदम 20 टक्क्यांनी खाली आणले होते. त्याच वेळी नोंदणी शुल्क वाढवलं, ती गोष्ट वेगळी. पुढे 2021 मध्ये बायकांच्या नावाच्या रजिस्ट्रीला ते शुल्क तीन टक्क्यांवरून एक टक्का केलं. तेव्हापासून आमच्या घरातले पुरुष फार उदार झाले, प्रत्येक कागद बायकोच्या नावावर!

दिल्लीपर्यंतही आवाज पोचतो. 2024 च्या जुलैच्या बजेटात घर विकताना महागाईचा हिशेब धरून मिळणारी करसवलत काढून टाकली. बिल्डर, दलाल आणि साधे करदाते, सगळ्यांनी ओरड केली, आणि पंधरा दिवसांत, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, जुन्या मालमत्तांसाठी ती परत मिळाली. माहेरच्या जुन्या घरातला माझा हिस्सा त्याच वर्षी विकला गेला. त्या ओरडीचा फायदा मीही घेतला, हे लपवत नाही. अमेरिकेत तर दलालांची राष्ट्रीय संघटना 1908 पासून आहे आणि सरकारदरबारी खर्च करणाऱ्यांत ती पहिल्या काहींत मोडते. त्यामानानं आमचे भाऊजी चहा-समोशावर काम चालवतात.

मग माझं बिनसलं कुठे?

आमच्याकडे बटाटा खात नाहीत, म्हणून वेफर्स कच्च्या केळीचेच. ती केळी तापीपलीकडच्या गावातून एक काकू आणून देतात, सासूबाईंच्या काळापासून. मागच्या दिवाळीआधी त्या रिकाम्या हातानं आल्या. शेताचा अर्धा तुकडा रस्त्यात गेला होता. पदरात बांधून आणलेला निवाड्याचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "बाई, तू शिकलेली हाय. हे बराबर हाय का सांग."

मी वाचू लागले. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा बाजारभाव कसा काढायचा ते दिलं आहे. स्टॅम्पसाठी ठरलेला सरकारी दर बघायचा, आसपासच्या रजिस्ट्र्यांची सरासरी बघायची, आणि जो आकडा मोठा तो धरायचा. मग त्यावर कायद्यानं ठरलेली भर. ऐकायला चांगलं आहे. पण सरकारी दर म्हणजे तीच गाइडलाइन. आणि रजिस्ट्र्या? आपल्याकडे सौदा होतो एका रकमेला आणि कागदावर चढते गाइडलाइनएवढी रक्कम, वरचे रोख. म्हणजे दोन्ही आकडे एकाच विहिरीतून शेंदलेले. काकूंच्या शेताशेजारी ज्या भावात प्लॉट विकले जातात, तो भाव त्या कागदावर कुठेच नव्हता.

आणि मी लिहून दिलेल्या निवेदनात पाचवा मुद्दा होता : शहरालगतच्या शेतजमिनींचे दर वाढवू नयेत. त्याचं व्याकरणही मीच सुधारलं होतं.

आता एका निवेदनानं दर ठरत नाहीत, हे मला समजतं. पण काकू समोर बसल्या होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवेना. "कागद बरोबर आहे," मी म्हटलं. हिशेब बरोबर होताच. त्यांनी पाणी घेतलं आणि त्या गेल्या.

आपल्याकडे श्रावकाच्या सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगतात. त्यांत एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं. लहानपणापासून ऐकत आले, पण ते मला मुनीमांच्या वह्यांबद्दल वाटायचं. प्रतिक्रमणात मिच्छामि दुक्कडं म्हणताना त्या पर्युषणात मी पहिल्यांदा रजिस्ट्रीचा विचार केला. आमच्या स्वतःच्या प्लॉटच्या रजिस्ट्रीचासुद्धा.

यंदा मार्चमध्ये भाऊजी पुन्हा आले. मी म्हटलं, "एक ओळ वाढवू या. ज्या भागात सरकार जमिनी घेणार आहे, तिथले दर खऱ्या भावाला धरून ठेवावेत."

ते हसले. मग माझा चेहरा पाहून थांबले. "वहिनी, दर वाढला की तिथे कॉलनी काढणाऱ्यालाही तोच भरावा लागणार. तेच तर आमच्या संघटनेत पुढे बसतात. मला उद्या कोण उभं करील?"

"मग गरिबाची ओळ तरी काढा."

"ती कशी काढू? तिच्यावरच तर सगळं उभं आहे."

भाऊजी वाईट माणूस नाहीत. काकूंच्या नातवाच्या फीसाठी त्यांनीच गुपचूप पैसे दिले होते, हे मला नंतर कळलं. पण निवेदन द्यायला संघटना लागते, आणि संघटनेत वर्गणी भरणाऱ्याचा आवाज असतो. काकूंनी कुठे वर्गणी भरावी?

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "घरात दोन निवेदनं? लोक हसतील." तरी मी एका पानावर माझी हरकत लिहिली आणि स्वतः नेऊन दिली. तिथल्या बाबूनं विचारलं, "मॅडम, कौनसी संस्था से?" मी म्हटलं, "घर से." त्यानं एकदा वर पाहिलं आणि शिक्का मारून पावती दिली.

काकूंना त्याचा काही उपयोग नाही, त्यांचा निवाडा होऊन गेला. माझ्या एका कागदानं भोपाळ हलेल असंही नाही. भाऊजी चार दिवस जेवायला आले नाहीत, पाचव्या दिवशी आले. वाढताना मी एवढंच म्हटलं की, पुढच्या वर्षीही तुमची हिंदी तपासून देईन. फक्त ज्याच्या नावानं मागणं मागायचं, त्याला आधी एकदा घरी बोलावून ते वाचून दाखवायचं. भाऊजी काही बोलले नाहीत. आमटी मात्र दुसऱ्यांदा मागून घेतली.