उत्तर आहे, एवढं नक्की

कोडं विकत घेणाऱ्याला एक गोष्ट फुकटात मिळते, आणि ती डब्यावर कुठंही छापलेली नसते. उत्तर आहे, ही खात्री. आपल्याआधी कुणीतरी इथून चालत गेलंय, पलीकडं पोचलंय आणि मागं येऊन पाऊलखुणा पुसून ठेवल्यात. रात्रभर डोकं खाजवूनही जमलं नाही तर राग येतो तो स्वतःचाच. कोडं घालणाऱ्याची शंका येत नाही. एरवी अशी हमी कोण देतं? बोअरला पाणी लागेल का, हे करमाळा तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारून बघा.

म्हणून आवडते कोडेखेळ कोणते, असं कुणी विचारलं की मी त्यांची नेहमीची वर्गवारी करत नाही. ठोकळ्यांचे, तर्काचे, शब्दांचे, तपासाचे असे कप्पे करता येतातच. माझा प्रश्न वेगळा असतो: हा खेळ हमी देतो का, आणि देत असेल तर पाळतो का?

हमी मोडू शकते हे आमच्या पिढीला पडद्यावरच्या खेळांआधीच कळलं होतं. आमच्या केम गावच्या काय किंवा आसपासच्या कुठल्याही गावच्या काय, जत्रेत प्लास्टिकच्या चौकटीत सरकणाऱ्या पंधरा आकड्यांचं कोडं हमखास मिळायचं. एक जागा रिकामी, आकडे सरकवत सरकवत ओळीत आणायचे. दोन दिवसांत कुणीतरी कंटाळायचं, चौकट किंचित वाकवून ठोकळे उचकटायचं आणि मनाला येईल तसे परत बसवायचं. इथून पुढं गंमत. असे बसवलेले ठोकळे निम्म्या वेळा कधीच ओळीत येत नाहीत. सगळे लागतात, शेवटचे चौदा आणि पंधरा तेवढे उलटे राहतात. रिकामी जागा फिरून आपल्या कोपऱ्यात आली की तोवर झालेल्या अदलाबदलींची संख्या कायम सम निघते. नुसते चौदा-पंधरा बदलायला मात्र एकच अदलाबदल हवी, म्हणजे विषम. 1879 साली अमेरिकेतल्या गणिताच्या एका नियतकालिकात हे सिद्ध झालं आणि तरीही 1880 मध्ये अर्धं जग त्या कोड्यामागं वेडं झालं. सॅम लॉइड या कोडेकाराने पुढं ते आपणच शोधल्याचं सांगितलं, तेही खोटं. पण मला जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. बिघडलेलं कोडं आणि शाबूत कोडं दिसायला अगदी सारखं असतं. हातात घेऊन सांगता येत नाही. आत्याच्या घरी असाच एक पंधराचा चौकोन फळीवर वर्षानुवर्षं पडून होता आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्यावर तासभर घालवून जायचा.

पडद्यावरचा ठोकळा उचकटता येत नाही, हा व्हिडिओ गेमचा मोठाच गुण म्हणायचा.

टेट्रिस सगळ्यांना माहीत. अलेक्सी पाजित्नोव्हने 1984 मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तो इलेक्ट्रोनिका 60 नावाच्या यंत्रावर लिहिला. त्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या खुणांनी रचले होते. आपल्याकडं तो गावोगाव पोचला तो ब्रिक गेममधून, ज्याच्या खोक्यावर 9999 खेळ आत असल्याचं लिहिलेलं असायचं आणि आत त्याच दोन-चार खेळांचे वेग बदललेले असायचे. मला टेट्रिस आवडतो, पण तो कोडं वाटत नाही. ती लग्नघरातली आवराआवर आहे: लावून होईतो नवं सामान दारात. इथं उत्तर नाहीच, उलट हरण्याची हमी आहे. हायडी बर्गील या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये दाखवून दिलं की नागमोडी ठोकळा एकदा डावा, एकदा उजवा असा आलटून पालटून पडत राहिला, तर कितीही हुशार खेळाडूचा पट सत्तर हजार ठोकळ्यांच्या आत भरून जातो. नव्या आवृत्त्यांत सातही ठोकळे एकेका फेरीत वाटून देतात, त्यामुळं तो प्रसंग येत नाही. जुन्यांत येऊ शकत होता. आणि मग 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने जुना टेट्रिस इतका पुढं नेला की त्याच्याआधी खेळच गोठून पडला. पाजित्नोव्हने शेवट ठेवला नव्हता; शेवट सापडला तो प्रोग्राममधल्या कच्च्या दुव्यात.

माइनस्वीपरची गोष्ट याहून गुंतागुंतीची. एमएस-सीआयटीच्या क्लासला बसलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही तो आठवेल. सर बाहेर गेले की एका खोलीतल्या सगळ्या संगणकांवर करड्या चौकोनांची जाळी उघडायची. बहुतेक पोरं नियम न कळताच टकाटक दाबत सुटायची आणि बॉम्ब फुटला की हसायची. आकडा म्हणजे भोवतालच्या आठ घरांतल्या सुरुंगांची संख्या, हे ज्याला कळलं तो एकदम गप्प व्हायचा. 1992 मध्ये विंडोज 3.1 बरोबर हा खेळ जगभर गेला आणि त्यात एक मायाळू लबाडी होती: पहिल्याच घराखाली सुरुंग निघाला तर यंत्र तो गुपचूप उचलून दुसरीकडं ठेवायचं. पहिल्या पावलाला माफी. त्यानंतर मात्र नाही. सगळा पट तर्काने सोडवत आणला आणि कोपऱ्यात दोन घरं उरली, सुरुंग एक, आणि आकडे दोन्हीकडं सारखेच बोलतात. इथं हुशारी संपते. नाणं उडवायचं. रिचर्ड के या इंग्रज गणितज्ञाने 2000 साली दाखवलं की माइनस्वीपरचा दिलेला पट मुळात सुसंगत आहे की नाही हे ठरवणं संगणकशास्त्रातल्या अत्यंत चिवट प्रश्नांइतकंच अवघड आहे. ते असो. मला त्या कोपऱ्याचा राग येत नाही. पण त्याला कोडं म्हणून खपवलं जातं, तेव्हा येतो. पट सुरुवातीलाच तपासून, अंदाजाविना सुटेल असाच देणाऱ्या आवृत्त्या आता मिळतात, आणि मी त्याच खेळतो. मित्र म्हणतात, मग त्यात जीव कसला राहिला? त्यांचं त्यांच्यापाशी.

माझं खरं प्रेम सोकोबानवर. हिरोयुकी इमाबायाशी यांनी जपानमध्ये तयार केलेला हा खेळ 1982 मध्ये बाजारात आला. गोदामातला एक कामगार, काही खोकी, जमिनीवर तेवढ्याच खुणा. खोकं ढकलता येतं, ओढता येत नाही. एका वेळी एकच ढकलता येतं. बस, एवढंच. घाई नाही, नशीब नाही, वरून काही पडत नाही. उत्तर आहे हे नक्की, पण ते वाया घालवण्याची मुभा पूर्ण तुमच्या हातात. खोकं कोपऱ्यात गेलं की गेलं. आणि आपण मेलेला डाव खेळतोय हे खेळ सांगत नाही. पुढची पंधरा मिनिटं तुम्ही मोठ्या अक्कलहुशारीने प्रेताची हलवाहलव करत असता. इतका कमी बोलणारा आणि इतका प्रामाणिक दुसरा खेळ मला माहीत नाही.

कँडी क्रशबद्दल थोडक्यात. 2012 पासून त्याने जगभरच्या अंगठ्यांना काम दिलं. आमच्या केमला कुंकवाचा धंदा मोठा. कुंकवाची पाकिटं भरून उठलेली वहिनी फोन हातात घ्यायची तेव्हा पडद्यावरच्या गोळ्यांवर लाल बोटांचे ठसे उमटायचे. खेळ रंगीत, आवाज गोड, पण वरून पुढच्या गोळ्या कुठल्या पडणार यावर पुष्कळ काही अवलंबून. पाच जीव, एक परत यायला अर्धा तास, आणि धीर नसेल तर पैसे मोजा. वहिनीने कधी पैसे मोजले नाहीत. जीव संपले की ती पुढच्या पोत्याला हात घालायची. हा खेळ बनवणाऱ्यांना असं गिऱ्हाईक अपेक्षित नसावं.

गेल्या काही वर्षांत ज्यांनी मला पुन्हा शाळकरी केलं ते दोन खेळ. पहिला फिनलंडच्या अर्वी तेइकारीचा ‘बाबा इज यू’, 2019 चा. सोकोबानसारखंच ढकलायचं, पण इथं खेळाचे नियमच शब्द होऊन पटावर पडलेले असतात. ‘भिंत अडवते’ अशा अर्थाची ओळ समोर असते. त्यातला एक शब्द बाजूला ढकला, भिंतीतून सरळ चालत जा. भाचीला तो खेळायला दिला तर पहिल्या अडचणीलाच तिने भिंतीला वळसा घालायच्या ऐवजी भिंतीचा कायदा मोडला. मी मात्र बराच वेळ वळसाच शोधत होतो. सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला नियम ही ढकलण्याची वस्तू आहे हे सुचत नाही.

दुसरा लुकास पोपचा 2018 चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. 1807 साल, ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज परत आलंय, माणूस एकही नाही. कंपनीच्या तपासनिसाने साठ जणांचं काय झालं ते लिहून काढायचं: नाव, मरण कशाने, कुणाच्या हातून. त्या साठांत काही हिंदुस्थानी खलाशीही आहेत, आणि ते कोण हे कपड्यांवरून, झोपायच्या जागेवरून, कुणाशेजारी उभे राहतात त्यावरून ओळखायचं. खेळ उत्तर बरोबर की चूक हे एकेकट्याचं सांगत नाही. तीन जणांचं सगळं बरोबर जुळलं की मगच ते छापून पक्कं करतो. अंदाजाने काम उरकणाऱ्यांसाठी इतकं सभ्य कुलूप मी दुसरं पाहिलं नाही.

हे सगळं मी पुण्याला जाता-येता आगगाडीत खेळत आलो, आणि गाडी हेच आमच्याकडचं सर्वांत जुनं कोडं. केम स्टेशन जेऊर आणि कुर्डुवाडीच्या दरम्यान. दिकसाळपासून बार्शी रोडपर्यंतचा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा लोहमार्ग ऑक्टोबर 1859 मध्ये खुला झाला, तेव्हापासून आमच्या शिवारातून गाड्या जातायत. अलीकडं दुहेरीकरण होईपर्यंत या भागात रूळ एकेरीच होता. एकेरी रुळावर समोरासमोरच्या दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडायला जागा मिळते ती फक्त स्टेशनात. एकीने लूपला जाऊन थांबायचं, दुसरीने निघून जायचं. डब्यात कुणीतरी म्हणायचं, ‘क्रॉसिंग हाय’, आणि मग किती वेळ लागणार हे कुणी विचारायचं नाही.

एकेरी मार्गाचं हे सगळं विभागाच्या कंट्रोल ऑफिसात एका तक्त्यावर चालतं. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. जाणाऱ्या रेघा आणि येणाऱ्या रेघा एकमेकींना छेदायच्या त्या स्टेशनाच्या ओळीवरच. मधे कुठं छेदल्या तर अपघात. कागदावर ते सोकोबानइतकंच स्वच्छ दिसतं. पण मालगाडी तासभर उशिरा येते, लूपमध्ये आधीच कुणीतरी बसलेलं असतं, कुठं चढावर इंजिन दमतं, आणि सकाळची सुबक रेघ दुपारी खोडून पुन्हा काढावी लागते. इथं उत्तर नेहमी निघतं, हे खरं. गाड्या पोचतातच. फक्त त्या उत्तराची किंमत कुणीतरी भरतं, आणि ते कोण हे पटावर आधीच ठरलेलं असतं: मेल-एक्स्प्रेस निघून जायची, पॅसेंजर लूपला. ‘रेलबाउंड’ नावाचा 2022 चा एक पोलिश खेळ आहे, फार देखणा. मोजके रूळ टाकून डबे बरोबर क्रमाने इंजिनाला जोडायचे. त्याच्या सगळ्या पातळ्या मी हौसेने सोडवल्या. त्यात डबा कितीही वेळ खोळंबला तरी आतून कुणी खिडकीत डोकावून विचारत नाही की, पंढरीची गाडी चुकणार का आता?

तरी कुणीच हमी दिलेली नसताना नुसता शोधत बसणारा माणूस पाहायचा तर तो देवळालीचा. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, शाळामास्तर. त्यांच्यासमोर कुणी कोडं ठेवलेलं नव्हतं. आकडे खेळवत बसायचे, इतकंच, आणि 1949 मध्ये त्यांनी 6174 जगापुढं ठेवला. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि उत्तरावर तेच करत राहा. जास्तीत जास्त सात पावलांत 6174 येतो आणि तिथंच राहतो. मार्टिन गार्डनरने 1975 मध्ये आपल्या गणितखेळांच्या सदरातून कापरेकरांची ओळख करून दिली, त्यानंतर देवळालीच्या मास्तरांकडं जगाचं लक्ष गेलं. तोवर आपल्याकडं कित्येकांना तो वेडगळ छंदच वाटत होता.

मागच्या सुट्टीत भाचीला मी हे केमच्या घरी ओट्यावर बसून दाखवलं. संख्या म्हणून आमच्या रेल्वेचं साल घेतलं. 9851 वजा 1589, राहिले 8262. मग 8622 वजा 2268, राहिले 6354. मग 3087. मग 8352. आणि 8532 मधून 2358 गेले की 6174. पाचव्या पावलाला. तिने स्वतःचं जन्मसाल घेतलं, पत्त्यातला पिनकोड घेतला, पण तो सहा आकडी निघाला म्हणून खोडला. असं का होतं, तिने विचारलं. खरं सांगायचं तर सगळ्या संख्या तपासून पाहिल्या की होतं असं दिसतं, यापलीकडं मनाला पटेल असं सुटसुटीत कारण मला देता आलं नाही. तीन आकड्यांना 495 असतो, हे तिने स्वतःच काढलं. मग वहीचं पान उलटून तिने पाच आकडी संख्या लिहिली आणि मी लगबगीने म्हणालो, ‘पाचाला असा एकच आकडा नाही गं, ती गोल गोल फिरत राहते.’

तिने पेन्सिल खाली ठेवली. ‘आधीच कशाला सांगितलंस रे मामा!’