वाळायची सवड

शॅमेलिऑनची पिल्लं कशी सांभाळावीत याबद्दलचे जे सल्ले आपल्यापर्यंत पोचतात, ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांचे. तिकडे हिवाळ्यात घरं तापवलेली असतात, आतली हवा कोरडी ठणठणीत होते आणि पिल्लाभोवती ओल टिकवणं हीच पाळणाऱ्याची मुख्य चिंता असते. म्हणून काचेची पेटी, तळाला भिजवलेला काथ्या आणि दिवसातून अनेकदा फवारा. महाड-पोलादपुरात जुलैमध्ये धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तिथे हीच व्यवस्था केली, तर पिल्लाच्या छातीत घरघर सुरू होईल. माझ्या मते आपल्या पावसाळ्यात पाळणाऱ्याचं काम ओल पुरवण्याचं नाही, पिल्लाला दिवसातून एकदा तरी पुरतं वाळू देण्याचं आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. अंड्यातून निघालेलं येमेनी शॅमेलिऑनचं पिल्लू जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅमचं असतं. एवढ्याशा अंगातलं पाणी भराभर आटतं, आणि तहानलेल्या पिल्लाच्या श्वासनळीतला कफही घट्ट होतो. पण पोटात जाणारं पाणी वेगळं आणि हवेतली ओल वेगळी. शॅमेलिऑन पानावरचे थेंब चाटून पाणी पितो, त्यामुळे जास्वंदीच्या कुंडीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून तो पिईपर्यंत थांबलं की तहान भागते. ते मिळतंय की नाही, हे विष्ठेतल्या पांढऱ्या भागावरून कळतं: पांढराशुभ्र असेल तर ठीक, नारिंगी-पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय. त्यासाठी चोवीस तास पेटी घामेजलेली ठेवायची गरज नाही. पानं दुपारपर्यंत सुकली नाहीत, तर संध्याकाळचा फवारा खुशाल गाळावा.

ओल एवढी का बाधते, याचं उत्तर फुफ्फुसांत आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्यांना जमत नाही. शॅमेलिऑनच्या फुफ्फुसांना तर मागच्या बाजूला बोटांसारख्या पिशव्या फुटलेल्या असतात. तिथे साचलेलं तिथेच राहतं. कोंदट पेटीत, कुजक्या काथ्यात स्यूडोमोनास, एरोमोनास यांसारखे जंतू फोफावतात आणि त्या साचलेल्या कफात त्यांना आयती जागा मिळते. त्यात गारठा पडला की थंड रक्ताच्या प्राण्याची प्रतिकारशक्तीही मंदावते.

मग नुसता पंखा लावून भागेल का? नाही. पंखा तीच ओली हवा फिरवतो, आणि झोत थेट अंगावर आला तर पिल्लू गारठतं. खरं काम ऊब करते. 25 अंशांची, 95 टक्के आर्द्रतेची हवा 30 अंशांपर्यंत तापवली, की त्याच हवेची सापेक्ष आर्द्रता 71 टक्क्यांच्या आसपास उतरते. तिच्यातून पाण्याचा एक थेंबही काढावा लागत नाही. म्हणून जाळीची पेटी घ्यावी आणि वरच्या एका कोपऱ्यावर, जाळीच्या बाहेर, पिल्लू भाजणार नाही इतक्या अंतरावर दिवा लावावा. गरम हवा वरून निघून जाते, खालून नवी येते, आणि दुसरं टोक थंड राहिल्यामुळे कुठे बसायचं हे पिल्लाला ठरवता येतं. तळाला काथ्या नको. वर्तमानपत्र पुरे, रोज बदललं म्हणजे झालं. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. 22 जुलै 2021 ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या घरांत शिरलं; असा पूर ओसरला तरी भिंती किती दिवस ओल धरून राहतात, हे महाडकरांना सांगायला नको. आणि धूर नको म्हणून पेटीच्या खोलीत मच्छर अगरबत्ती लावूच नये.

कुणी म्हणेल, पँथर शॅमेलिऑन मादागास्करच्या ओल्या रानातलाच ना? हो, पण तिथे वारा आहे, आणि उन्हाची तिरीप आली की तिच्याकडे चालत जाण्याची मोकळीक आहे. आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, हाही पावसातच जगतो, तोही अशाच मोकळिकीवर. त्याला पेटीत आणणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपतो. येमेनी आणि पँथर हे परदेशी. त्यांची 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

एवढं करूनही पिल्लू आजारी पडलंच, तर ते ओळखावं कसं? दिव्याखाली बसून तोंड उघडणं नेहमीचं आहे, ते अंग थंड करणं असतं. पण पहाटे, दिवा लागायच्या आधी, पिल्लू हनुवटी वर उचलून तोंड अर्धवट उघडं ठेवत असेल आणि जबड्याच्या कोपऱ्यात चिकट तार किंवा बुडबुडा दिसत असेल, तर एक दिवसही थांबू नये. तालुक्याच्या दवाखान्यात काम मुख्यतः गाई-म्हशींचं आणि शेळ्यांचं. सरपटणाऱ्यांचा जाणकार गाठायला मुंबई किंवा पुणं. पावसाळ्यात पुण्याच्या वाटेवरचा वरंध घाट बऱ्याचदा बंद असतो, म्हणून निघण्याआधी रस्ता विचारून घ्यावा. पिल्लाला भोकं पाडलेल्या डब्यात एका काटकीवर बसवावं, डबा कापडात गुंडाळावा पण भोकं मोकळी ठेवावीत, आणि गाडीतला एसी बंद करावा. औषध चालू असेपर्यंत घरी ऊब तुटता कामा नये, कारण थंड अंगात प्रतिजैविकही नीट लागू पडत नाही. पोलादपूरकडे वीज किती वेळा जाते हे ध्यानात घेऊन इन्व्हर्टरची सोय आधीच करावी.