उभं राहायची जागा

लंडनला गेलं की ट्रॅफल्गार चौक पाहायचाच असतो म्हणे. उंच खांबावर नेल्सन, खाली चार सिंह. त्याच चौकात जनरल हॅवलॉकचाही पुतळा आहे. १८५७ चं बंड मोडायला कानपूर-लखनौवर फौज घेऊन गेलेला. ज्यानं राज्य राखलं, त्याला राज्यानं चौकात उभं केलं. सरळ हिशेब आहे.

मी गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये पोती वाहतो. माझं लंडन १३० किलोमीटरवर. नागपूर. सुट्टीचा दिवस, पहाटेची गाडी, डब्यात भात आन् वांग्याची भाजी. सोबतचा हमाल म्हणाला, "तिथं पाहाले काय आहे बे?" म्हटलं, चल तं खरा.

दोस्तहो, पहिल्यांदा झिरो माईल पाहा. एक खांब, चार घोडे. इंग्रजांनी देश मोजला त्याची ही खूण. कोणतं शहर किती मैल, ते खांबावर कोरलंय. गावच्या विहिरीपासून म्हारवाडा किती लांब, हे मात्र कोणी कोरलं नाही. ते अंतर आमच्या बायांनी डोक्यावर घागर घेऊन मोजलं.

जवळच संविधान चौक. पूर्वीचा रिझर्व्ह बँक चौक. तिथं बाबासाहेब उभे आहेत. कोणत्याही लढाईतून ते घोड्यावर बसून आलेले नाहीत. मागं बँकेची मोठी इमारत, पुढं मोर्चे, धरणे, निळे झेंडे. पुतळ्याच्या सावलीत बसून आम्ही डबा खाल्ला. कोणी ऊठ म्हटलं नाही. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. सार्वजनिक हा शब्द आमच्यासाठी असा चार वर्षं उशिरा येतो. कुठं कुठं अजून यायचाच आहे.

मग गोवारी स्मारक. इथं जोडीदार गप्प झाला. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन चालू होतं. गुरं राखणारा हा समाज, आदिवासी म्हणून सवलती मागत मोर्चानं आला. लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं मेली. बायाच जास्त, आन् लेकरं. आमच्या भंडारा-गोंदियाकडं गोवाऱ्याचं घर नाही असं गाव शोधावं लागेल. आता उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. वरून गाड्या जातात. गाडीतला माणूस खाली पाहत नाही.

एम्प्रेस मिलही दाखवली असती. १८७७ ची, टाटांची, व्हिक्टोरिया राणीच्या पदवीचं नाव दिलेली. मिल बंद पडली, जागेवर मॉल आला. नाव राणीचंच राहिलं. सूत काढणाऱ्यांची, कापड विणणाऱ्यांची नावं हजेरीच्या वहीबरोबर गेली.

शेवटी दीक्षाभूमी. १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पडले. तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होतं. त्यांना आमच्या मुलखानं पाडलं, हे लपवायचं कशाला? दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी नागपुरात धम्म घेतला. लाखो माणसं जमली. त्यात माझा आजा होता. हलका धान कापायला आला होता, मालक सोडत नव्हता. आजा रातीच निघाला. तो सांगायचा, "तिथं स्तूप नव्हता, काईच नव्हतं. माणसंच माणसं होती."

स्तूप नंतर बांधला. २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्याचं उद्घाटन केलं. पांढराशुभ्र घुमट, आत गार फरशी. घामेजल्या पायांना फार बरं वाटतं. पण मला स्तूपापेक्षा भोवतालची मोकळी जमीन मोठी वाटते. आजा तिथं उभा राहिला, त्याआधी तो कुठंच सरळ उभा राहिला नव्हता.

तीच जमीन परवा परवा खणली जात होती. गाड्या ठेवायला, जमिनीखाली. १ जुलै २०२४ ला लोक धावून गेले, तेव्हा काम थांबलं.

म्हणून म्हणतो, जात राहा. लेकरांना घेऊन जा, डबा घेऊन जा. जागा रिकामी दिसली की कोणी ना कोणी कुदळ घेऊन येतोच.