किब्ला आणि कॅल्क्युलेटर

आमच्या अब्बांनी उभ्या आयुष्यात कॅल्क्युलेटरला हात लावला नाही. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात ते एका अडत्याकडे दिवाणजी होते. कांद्याचा भाव पुकारून होईस्तोवर वजन, भाव, हमाली, तोलाई असा सगळा हिशेब त्यांच्या ओठांवर तयार असे. नात इंजिनिअरिंगला गेली आणि तिच्यासाठी आम्ही नाशिकहून कॅसिओचं एफएक्स-९९१ आणलं, तेव्हा ते हातात न घेताच म्हणाले, "इतकी बटणं? कांदे मोजायचेत की चांदण्या?"

बारावीपर्यंत पोरीनं लॉगची कोष्टकं उलटूनच आकडेमोड केली होती; बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. हे यंत्र तर इंटिग्रेशनसुद्धा करून देत होतं. ती हरखली, आणि पहिल्याच चाचणीत तोंडघशी पडली. घरी आम्ही दोघं उत्तरपत्रिका घेऊन बसलो. हायस्कुलात गणित शिकवण्यात आमची हयात गेलेली. म्हटलं, सगळ्यात सोपं उदाहरण करून बघू. शून्य ते पाय, सायन एक्सचं इंटिग्रेशन. उत्तर २ यायला हवं. पडद्यावर आलं ०.०८६.

यंत्र बिघडलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक 'डी' होता, म्हणजे डिग्री. वर्तुळाचे ३६० भाग माणसानं सोयीसाठी केले. रेडियन मात्र वर्तुळाच्या पोटातूनच निघतो: त्रिज्येएवढा कंस घेतला की केंद्रापाशी होणारा कोन एक रेडियन. सायनचं डेरिव्हेटिव्ह कॉस, हा नियम रेडियनमध्येच खरा. पोरीनं पाय दिला, यंत्रानं तो ३.१४ अंश समजून घेतला. जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं.

पण नातेवाइकांना निमित्त मिळालं. "मुलीला गणित कशाला? आपल्यात कुणी केलंय हे?" एक-दोन स्थळंही सुचवून झाली. त्याचं फारसं वाटलं नाही. वाटलं ते याचं, की पोरगीच एके रात्री म्हणाली, "अब्बू, हे आपलं नाहीच."

आम्ही सायनच्या बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा शब्द कुणाचा?" आर्यभटानं ४९९ साली ज्यांचे आकडे दिले, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, तिलाच जीवा म्हणत. बगदादच्या विद्वानांनी ही विद्या घेतली तेव्हा जीवाचं 'जीबा' झालं. अरबी लिहिताना स्वर गाळतात. त्यामुळे पुढं कुणी ते 'जैब' वाचलं. जैब म्हणजे अंगरख्याची घडी. आपण खिशाला जेब म्हणतो तो त्याचाच भाऊ. बाराव्या शतकात युरोपात लॅटिन भाषांतर झालं तेव्हा जैबचं 'सायनस' झालं, त्याचं सायन. अल्जिब्रा हा शब्द अल्-ख्वारिझ्मीच्या ग्रंथातल्या 'अल्-जब्र'मधून आला आणि अल्गोरिदम तर त्याच्या नावावरूनच. "आपलं नाही असं यात काय आहे, सांग." ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं कॉलेजला गेली.

त्याच साली आम्ही घर बांधायला काढलं. नमाजच्या खोलीची भिंत किब्ल्याच्या रुखानं असावी, असं अब्बांच्या मनात होतं. त्यांचा ठोकताळा वडिलोपार्जित: दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा सूर्य मावळतो तिकडं तोंड करायचं आणि किंचित उजवीकडं वळायचं. पोरगी म्हणाली, "दादा, मी काढून देते." गझनीचा किब्ला गणितानं काढण्यासाठी अल्-बिरूनीनं १०२५ साली ग्रंथ पुरा केला होता. त्याच वाटेनं तिनं आकडे मांडले. पिंपळगाव उत्तर अक्षांश २०.१७, पूर्व रेखांश ७३.९८, मक्का २१.४२ आणि ३९.८३. सायन, कॉस, टॅन झाले. उत्तर आलं ०.४९७. म्हणजे उत्तरेपासून पश्चिमेला जेमतेम अर्धा अंश!

अब्बांनी हात कुठं जातोय ते पाहिलं. "म्हणजे कळवणकडं? बेटा, सूर्य कधी कळवणला मावळतो का?"

तिनं जीभ चावली. चाचणीत पोळल्यापासून तिनं यंत्र रेडियनवर ठेवलं होतं ते हलवलंच नव्हतं. डिग्री लावली, पुन्हा आकडे घातले. ८१.६ आलं. उत्तरेपासून पश्चिमेकडं ८१.६ म्हणजे ऐन पश्चिमेच्या उजवीकडं ८.४ अंश. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर मक्का पश्चिमेच्या दोनच अंश वर दिसते. पृथ्वी गोल, म्हणून बाकीचे सहा. आणि अब्बांचं 'किंचित उजवीकडं' नेमकं तेच सांगत होतं.

अब्बा खूश झाले. दूरच्या माणसाला दिशा साधली तरी पुरे, अंशांचा हट्ट नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. तरी त्यांनी गवंड्याला नातीच्या आकड्याप्रमाणंच दोरी धरायला लावली. मग पहिल्यांदाच ते यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "आधी रुख बघायचा, मग नियत बांधायची. नमाजला जे, तेच याला."

पोरगी पुढं गणितात चांगली पास झाली. अब्बा आता नाहीत. कॅल्क्युलेटरच्या झाकणाला आतून चिकटवलेली चिठ्ठी तेवढी आहे, बाजाराच्या वहीतल्या वळणाच्या त्यांच्याच अक्षरात: आधी रुख बघ.