रात्रपाळी कोणाची?

केअर सेंटर बघायला लोक सकाळी अकराला जातात. फरशी नुकतीच पुसलेली असते, चादरी बदललेल्या असतात, फिजिओथेरपिस्ट आलेला असतो, मालक स्वतः खुर्चीवर असतात. माझं म्हणणं, रात्री साडेनऊला जावं. जेवणं उरकलेली असतात, दिवसपाळी घरी गेलेली असते आणि रात्रभर कोण कोणाकडे बघणार हे तेव्हाच कळतं. रात्री येऊ देत नाहीत असं सांगितलं तर कारण विचारावं. पेशंटची झोपमोड होते, हे कारण खरं आहे. मग दारातून बघू द्या, पाचच मिनिटं. तेही नको म्हणाले तर दुसरं ठिकाण शोधावं.

•

माकडहाड, टाचा, खुबे, कोपर. अंथरुणावरच्या माणसाची निगा कशी चालली आहे हे या चार जागा सांगतात.

दर दोन तासांनी कूस बदलून देणं हा शुश्रूषेचा जुना नियम. बऱ्या ठिकाणी खाटेपाशी त्याचा तक्ता असतो: वेळ, डावी कूस, उजवी कूस, पाठ, सही. तो तक्ता वाचायला शिकावं. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंतच्या सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच हाताने, एका ओळीत ओढल्यासारख्या असतील तर त्या रात्री केलेल्या नाहीत. आमच्या तात्यांच्या तक्त्यावर मी नेमकं तेच पाहिलं. ते सेंटर मोठ्या शहरातलं, महिन्याचे पैसे आगाऊ घेणारं. माकडहाडावरची जखम आम्हाला घरी आणल्यावर दिसली. वरून रुपयाएवढी, आत खोल.

पुस्तकात लिहिलेलं असतं की कातडी लाल झाली आणि बोटाने दाबूनही लाली गेली नाही, तर जखम सुरू झाली समजावं. उन्हात रापलेल्या आपल्या कातडीवर ती लाली दिसतच नाही. आपल्याकडे हात फिरवूनच बघावं लागतं. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक झाली आहे का, की लिबलिबीत लागते आहे? तिथे हात लावला की माणूस कण्हतो का? ही तपासणी अंघोळ घालणारी बाई रोज करू शकते. तिला कुणी शिकवलं आहे का, एवढाच प्रश्न.

एअरबेड आहे म्हणजे कूस बदलायला नको, हा समज सेंटरांतही भेटतो. एअरबेडने दाब कमी होतो, संपत नाही.

•

आमच्या बीड जिल्ह्यात केजला उपजिल्हा रुग्णालय आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या भागातली कितीतरी माणसं त्या दवाखान्यामुळे जगली आहेत. अंगावरून वारं गेलेला माणूस तिथे वेळेत पोचला तर वाचतो. प्रश्न वाचल्यानंतरचा आहे. डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ असते, ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’. लकव्यानंतर शरीर जे परत मिळवतं त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत मिळवतं. पुढेही सुधारणा होते, पण संथ. आणि हेच तीन महिने होळ, बनसारोळा, विडा, नांदूरघाटच्या घरांत भिंतीकडे तोंड करून जातात. रोज तालुक्याला न्यायचं म्हणजे गाडी करायची, एका माणसाचा रोज बुडवायचा आणि पेशंटला उचलून चढवायला आणखी दोघं शोधायचे.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ साली सुरू झाला. त्याच्या आराखड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला एकदा ज्येष्ठांचं क्लिनिक, सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा क्लिनिक आणि पुनर्वसनाची सोय, अंथरुणावरच्यांसाठी घरभेटी, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष असं सगळं लिहिलेलं आहे. आपल्या केंद्रावर जाऊन विचारावं, कोणता वार? विचारणारे वाढले तर वार ठरतो.

•

अवेदिस डोनाबेदियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ साली एक लांब लेख लिहिला. आरोग्यसेवेचा दर्जा तीन अंगांनी तपासावा, असं त्यांनी मांडलं: साधनं काय आहेत, प्रत्यक्ष काय केलं जातं आणि पेशंटचं शेवटी काय झालं. आपल्याकडच्या जाहिराती पहिल्यावरच थांबतात. लिफ्ट, एसी, सीसीटीव्ही, चोवीस तास ऑक्सिजन. तिसरं अंग बघायला कुटुंबाला उशीर झालेला असतो, शिवाय म्हातारं माणूस चांगल्या शुश्रूषेतही जातं आणि वाईट शुश्रूषेतही तग धरतं. तपासण्यासारखं उरतं ते मधलं, रोजचं काम.

•

बघायच्या कामांतलं पहिलं. खाटेवरून खुर्चीत कसं बसवतात?

लकवा झालेल्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो. त्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढलं तर खांदा निखळतो, आणि मग व्यायाम करायची वेळ येते तेव्हा माणूस दुखण्याने हात लावू देत नाही. सगळी मेहनत एका ओढण्यात जाते. जाणता माणूस आधी पेशंटला कुशीवर वळवतो, पाय खाटेखाली सोडतो, बसता करतो, मग कमरेशी धरून, स्वतःचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकवून, ‘चला, उठायचं’ असं सांगून उठवतो. सांगणं महत्त्वाचं. न सांगता उचललेला माणूस घाबरतो आणि अंग ताठ करतो.

ज्या ठिकाणी हे तुमच्यासमोर न सांगता नीट घडतं, तिथली फरशी थोडी मळकी असली तरी चालेल.

•

पाणी. लकवा झालेल्या माणसाला तहान लागली की घरचे प्रेमाने तांब्या तोंडाला लावतात, कधी आडवं असतानाच. गिळायचे स्नायू दुबळे असतील तर भाकरीच्या काल्यापेक्षा पातळ पाणी धोक्याचं, कारण ते पटकन श्वासनलिकेत उतरतं. जेवताना खोकला येतो, आवाज ओलसर होतो, चार दिवसांनी ताप, आणि मग न्यूमोनिया. बसवून भरवणं, हनुवटी किंचित खाली, छोटे घास, प्रत्येक घास गिळल्याची खात्री, दुबळ्या बाजूच्या गालात अन्न साठलंय का ते बघणं, जेवल्यावर अर्धा तास आडवं न करणं. एका माणसाला असं भरवायला बराच वेळ जातो. म्हणून सेंटरमध्ये विचारावं, जेवणाच्या वेळी स्वतः न जेवू शकणारे पेशंट किती आणि भरवणारे हात किती? गणित जमत नसेल तर एक तर माणसं उपाशी राहतात किंवा नाकात नळी पडते. गरज म्हणून घातलेली नळी वेगळी, वेळ वाचवायला घातलेली वेगळी. लघवीच्या नळीचंही तेच. ती का घातली आणि कधी काढणार, याचं उत्तर तोंडपाठ असायला हवं.

•

अमेरिकेत या विषयावर फार कागद लिहिले गेले आहेत. १९८६ साली तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला, १९८७ साली कायदा झाला, डिसेंबर २००८ पासून प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू झाली. अडचण अशी की ताऱ्यांमागची बरीच माहिती संस्था स्वतःच भरून देत. पुढे २०१६ पासून किती कर्मचारी किती तास कामावर होते, हे पगाराच्या नोंदींवरून मागायला सुरुवात झाली. मला यातलं हेच घ्यावंसं वाटतं. माणसं किती आहेत हे पगारपत्रकावरून मोजावं.

आपल्याकडे तारे नाहीत. पगारपत्रक कुणी दाखवणार नाही. पण जिन्यात बसलेल्या मावशींशी दोन शब्द बोलता येतात.

•

मावशी. सगळं सेंटर हिच्यावर चालतं. बारा तासांची ड्यूटी, बदली आली नाही तर चोवीस. बऱ्याच जणी आपल्याच भागातून गेलेल्या असतात, एकट्या, मुलं गावाकडे सासूजवळ ठेवून. तिला डायपर बदलायचा पगार मिळतो, पण डायपर बदलताना काय बघायचं हे शिकवायला कुणी वेळ काढत नाही. तिची पाठ मोडते तेव्हा तिच्यासाठी फिजिओथेरपी नसते.

तिला विचारायचे प्रश्न सोपे आहेत. इथे कधीपासून आहात? रात्री किती जणी असता? सुट्टी मिळते का? वर्षभरापूर्वीच्या मावशी अजून त्याच ठिकाणी भेटल्या तर ते सेंटर बहुधा बरं असतं. दर महिन्याला नवे चेहरे असतील तर पेशंटची नावंही कुणाला माहीत नसतात; तिथे माणूस ‘तीन नंबरचे बाबा’ होऊन राहतो.

•

हात बांधणे. ‘नळी ओढतात म्हणून बांधलं.’ कधी कधी खरोखर इलाज नसतो. पण कुणाच्या सांगण्यावरून, किती वेळ, कधी सोडलं, याची नोंद हवी. मानसिक आरोग्य काळजी अधिनियम २०१७ मध्ये मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीने बांधण्यावर सरसकट बंदी आहे. विसराळूपणाने रात्री उठून फिरणाऱ्या आजीला ओढणीने खाटेला बांधून ठेवलेलं घरात दिसतं तेव्हा आपण त्याला काळजी म्हणतो. तिला बांधायचं नसेल तर रात्री कुणीतरी जागं हवं. परत तिथेच येतो.

•

कायद्यांचं थोडं. खाजगी दवाखान्यांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याचे नियम २०२१ साली सुधारले गेले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. भिंतीवर ते आहे का, हे आत शिरतानाच दिसतं. ज्येष्ठांसाठीचा २००७ चा कायदा राज्याने टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असं घर उभारावं, असं म्हणतो. मदतीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. निराधार योजनेतून महिन्याला थोडे पैसे मिळतात. डायपर आणि औषधं धरली तर महिन्याचा पहिला आठवडा निघतो.

•

आता खरी गोष्ट. आपल्या तालुक्यात शुश्रूषा केंद्र म्हणजे घर, आणि दसरा-दिवाळीला त्या घराला कुलूप लागतं.

ऊसतोडीला जाण्यासाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बायको सासऱ्यासाठी मागे राहिली तर अर्धाच कोयता जातो आणि उचल मात्र पूर्ण अंगावर राहते. टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघते ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, येत नाही. मागे राहतं कोण? गुडघे गेलेली म्हातारी, किंवा शाळेतून काढलेली नात. लकव्याने पडलेल्या साठ किलोच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बारा वर्षांच्या मुलीने बदलायची. तिने भाकरी भरवायची, तिनेच धुवायचं. आजोबांना तिच्यासमोर उघडं व्हावं लागतं, ते दोघांनाही सहन होत नाही, म्हणून आजोबा पाणी पिणं कमी करतात. मग लघवीला जळजळ, ताप, बरळणं. मार्चमध्ये पोरगा परत येतो तेव्हा शेजारी सांगतात, ‘लई हाल झाले रे.’

ज्या सुनेवर हे सगळं अवलंबून, तिचं शरीरही विचारात घ्यावं. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मोळ्या उचलून कंबर गेलेल्या, कमी वयात ऑपरेशन झालेल्या बाईने घरी येऊन सासऱ्याला उचलायचं. ‘घरच्यासारखी सेवा कुठे मिळणार’ असं म्हणताना ही बाई डोळ्यांसमोर हवी.

•

केजहून अंबाजोगाईला जाताना लोखंडी सावरगाव लागतं. तिथे वृद्धांच्या आजारांसाठी आणि मानसिक आरोग्यासाठी सरकारी इमारत उभी राहिली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये तिथे व शेजारच्या स्त्री रुग्णालयाच्या इमारतीत मोठं कोविड रुग्णालय सुरू झालं. म्हणजे गरज पटली की आपल्याच तालुक्यांच्या सीमेवर शेकडो खाटा, कर्मचारी, ऑक्सिजन काही आठवड्यांत उभे राहू शकतात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, जमतं याचा पुरावा म्हणून लिहितो आहे.

•

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. पुढे संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. आईबाप फडावर असताना मूल कुठे राहील, हा प्रश्न सरकारला पटला. अंथरुणावरचा बाप कुठे राहील, हाही त्याच टोळीचा प्रश्न आहे.

मला हवं असलेलं केंद्र असं: ऑक्टोबर ते एप्रिल. तालुक्याला वीस खाटा, एखाद्या बंद पडलेल्या सरकारी इमारतीत. दसऱ्याआधी आशाताईंनी आपल्या गावातल्या उठता न येणाऱ्यांची यादी करायची, कारण त्यांना घर न् घर माहीत असतं. आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट, रोज एक सिस्टर. मावशी याच गावांतल्या, त्यांना आधी महिनाभर अंबाजोगाईच्या वॉर्डात शिकवायचं, पगार बँकेत. रात्री वीस पेशंटमागे किमान तिघी, त्यांची नावं फळ्यावर. आल्या दिवशी पेशंटला विचारायचं की तुम्हाला परत काय करता यायला हवं. कुणी म्हणेल स्वतःच्या हाताने जेवायचं, कुणी म्हणेल पारापर्यंत जायचं. ते कार्डावर लिहायचं आणि पोरगा फडावरून परत आला की त्याच्यासमोर कार्ड उघडायचं.

पैसा कुठून? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलेलं आहे. त्या पैशातून पहिलं केंद्र केजला मागावं. ग्रामसभेचे ठराव गणपतीच्या सुमारास झाले, तर यादी दसऱ्याच्या आत होऊ शकते.